कामापुरती स्पॅनिश: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावात संध्याकाळी स्पॅनिश शिकवतो. त्याआधी बरीच वर्षं निर्यातीच्या कागदपत्रांचं काम केलं आणि ही भाषा त्या कामातूनच शिकलो. भुसावळ, शिरपूर, चोपडा, शहादा इथून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे. इथे साहित्याची किंवा पर्यटनाची स्पॅनिश नाही. कामावर लागणारी आहे.

खान्देशात बसून स्पॅनिश शिकून करायचं काय?

20 देशांची ही राजभाषा आहे आणि सुमारे 50 कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. पण हा आकडा तुमच्या कामाचा नाही. तुमचा कोणता व्यवहार या भाषेला जाऊन भिडतो, तेवढंच बघा.

काही जागा सांगतो. भारतातून लॅटिन अमेरिकेत औषधं जातात आणि तिथल्या सरकारी परवानगीची कागदपत्रं स्पॅनिशमध्ये लागतात. बजाजची पल्सर कोलंबियाच्या रस्त्यांवर धावते. टीसीएसने 2002 मध्ये उरुग्वेची राजधानी मोंतेविदेओ इथे केंद्र काढलं, पुढे मेक्सिकोतही मोठं काम उभं केलं. नवापूरच्या पलीकडे गुजरात लागतं, तिथे वडोदऱ्यात ऑक्टोबर 2024 मध्ये सी-295 या लष्करी वाहतुकीच्या विमानांच्या जुळणीचा कारखाना सुरू झाला. एकूण 56 विमानांपैकी 16 स्पेनमधल्या सेव्हिलहून तयार येणार आणि 40 वडोदऱ्यात बनणार, असा तो करार. उद्घाटनाला स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ स्वतः आले होते. साक्रीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, आणि पवनऊर्जेत स्पेन जुना जाणकार देश आहे.

यातलं प्रत्येक काम तुमच्यासाठी आहे असं मी म्हणत नाही. ज्याचं एक पाऊल आधीच अशा कामात आहे, त्याला स्पॅनिशने दुसरं पाऊल टाकता येतं.

नोकरी जळगाव-धुळ्यातच मिळेल का?

‘स्पॅनिश येणारा पाहिजे’ अशी जाहिरात इथे क्वचित दिसते. कामं पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूरमध्ये आहेत, आणि काही घरून करण्यासारखी आहेत. इथल्या निर्यातदाराकडे स्पॅनिशसाठी वेगळी जागा नसते. पण ज्या माणसाला कागदपत्रं कळतात आणि खरेदीदाराशी त्याच्या भाषेत दोन वाक्यं बोलता येतात, त्याची किंमत मालकाला कळते.

म्हणून माझं ठाम मत आहे की स्पॅनिशसाठी चालू शिक्षण सोडू नका. नुसती स्पॅनिश म्हणजे अर्धी भाकरी. अकाउंट्स, फार्मसी, मेकॅनिकल, कोडिंग, शेती, काहीतरी हातात असू द्या आणि भाषा त्याच्या जोडीला घ्या. अमळनेरला 1945 मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून जी कंपनी सुरू झाली तीच आजची विप्रो, हे आपल्याकडच्या मुलांना मी मुद्दाम सांगतो. खान्देशातून जगाशी व्यवहार करणं ही काही परकी गोष्ट नाही.

माझं इंग्रजी कच्चं आहे. स्पॅनिश जमेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, विचारताना आवाज खाली गेलेला असतो, आणि उत्तर सगळ्यात आनंदाचं आहे. जमेल. मराठीतून शिकलात तर इंग्रजीतून शिकणाऱ्यापेक्षा काही गोष्टी लवकर जमतील.

‘मला कॉफी आवडते’ हे स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल काफे’. ‘मला केळी आवडतात’ हे ‘मे गुस्तान लोस प्लातानोस’. बघा, ‘मे’ म्हणजे ‘मला’. क्रियापद माझ्याप्रमाणे बदलत नाही, आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं: आवडते-आवडतात, गुस्ता-गुस्तान. इंग्रजीतून शिकणारा इथे आठवडाभर अडखळतो, कारण त्याच्या भाषेत ‘मी’ आवडण्याचं काम करतो. आपल्याला हे पाळण्यातच शिकवलेलं आहे.

‘आब्लो’ म्हणजे ‘मी बोलतो’. ‘मी’ वेगळा म्हणायची गरज नाही, क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता कळतो, जसा ‘येतोस का?’ मध्ये ‘तू’ कळतो. तू आणि तुम्ही हा भेदही तिथे आहे: तू आणि ‘उस्तेद’. नामांना लिंग आहे म्हणून लोक घाबरतात, पण तिथे दोनच लिंगं आहेत आणि आपण तीन सांभाळतो. भूतकाळाचे दोन प्रकार इंग्रजी पुस्तकांत पानंच्या पानं खातात. मराठीत एवढंच: ‘फुई’ म्हणजे ‘गेलो’ आणि ‘इबा’ म्हणजे ‘जायचो’. ‘काल बाजारात गेलो’ आणि ‘लहानपणी दर मंगळवारी बाजारात जायचो’ यातला फरक ज्याला कळतो, त्याला हा धडा आधीच येतो.

आणि सगळे ज्याला भितात ते संभाव्यतेचं रूप, ‘किएरो के बेंगास’. त्याचं मराठी ‘तू यावंस असं मला वाटतं’. ‘यावंस’ हे रूप आपल्याकडे आहेच.

म्हणून वहीत उजव्या बाजूला इंग्रजी अर्थ लिहू नका, मराठी लिहा. अहिराणी किंवा लेवा बोली घरात असेल तर तीही लिहा. घरी अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी, बाजारात हिंदी आणि नंदुरबारकडे गुजरातीही, असं रोज करणारा माणूस भाषा बदलायला आधीच तयार असतो.

उच्चार अवघड आहेत का?

नाहीत. स्पॅनिश त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून होतात. इंग्रजी शिकताना लागलेली ट-ड ची सवय तेवढी बाजूला ठेवा. र खणखणीत आहे. शब्दाच्या सुरुवातीचा आणि दोन आर जोडून लिहिलेला र जास्त घोळवायचा. एच लिहितात पण उच्चारत नाहीत. ‘जे’ या रोमन अक्षराचा उच्चार घशातून ह किंवा ख सारखा होतो. व आणि ब लिहिताना वेगळे, ऐकताना एकच.

एक गोष्ट मला फार आवडते. आपल्याकडे गावात डाळीला ‘डाय’ आणि केळीला ‘केयी’ म्हणतात, ळ चा य होतो. स्पॅनिशमध्येही दोन एल जोडून येणारा जुना ध्वनी बहुतेक ठिकाणी य झाला आहे. लिहिताना एल, बोलताना ‘काये’, म्हणजे रस्ता. ज्या बोलण्याला शाळेत अशुद्ध म्हणून टोकलं गेलं, तसाच बदल एका जगभर चालणाऱ्या भाषेने प्रमाण म्हणून स्वीकारला आहे. हे सांगितलं की वर्गातली मुलं जरा ताठ बसतात.

मग अवघड काय जातं?

‘आहे’ या एका शब्दासाठी तिथे दोन क्रियापदं आहेत. ‘एस’ हे स्वभावाचं, ओळखीचं. ‘एस्ता’ हे सध्याच्या स्थितीचं किंवा जागेचं. केळीवरून सांगतो: ‘एस बेर्दे’ म्हणजे रंगाने हिरवं आहे आणि ‘एस्ता बेर्दे’ म्हणजे अजून कच्चं आहे. मालाच्या व्यवहारात हा फरक पैशांचा आहे. मराठीचा आधार इथे कमी पडतो, घोकूनच बसतं.

दुसरी अडचण ऐकण्याची. स्पॅनिश माणूस वेगात बोलतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. त्याला उपाय रोज ऐकण्याचाच.

किती दिवस लागतील?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांसाठी स्पॅनिशला सर्वांत सोप्या गटात धरते आणि कामावर वापरता येण्यासाठी 600 ते 750 तासांचे वर्ग सांगते. ते लोक दिवसभर दुसरं काही न करता शिकतात. तुम्ही नोकरी सांभाळून रोज दीड तास दिलात तर हेच तास साधारण तेरा ते सतरा महिन्यांत भरतात.

सगळ्यांना तेवढी गरज नसते. युरोपीय मापात ए1, ए2, बी1, बी2, सी1, सी2 अशा सहा पायऱ्या आहेत. निर्यातीची कागदपत्रं वाचणं आणि साधे मेल करणं यासाठी ए2 संपवून बी1 मध्ये शिरलेलं पुरतं. ग्राहकाशी फोनवर बोलायचं असेल तर बी2 शिवाय उभं राहता येत नाही. भाषांतराला सी1 धरा.

‘तीन महिन्यांत फाडफाड स्पॅनिश’ असा क्लास लावू का?

नको. तीन महिन्यांत ए1 होतं, मनापासून केलं तर ए2 ची सुरुवात. जो याहून जास्त सांगतो त्याला शेवटी कोणती परीक्षा देता येईल ते विचारा.

स्पेनची शिकू की लॅटिन अमेरिकेची?

खरेदीदार किंवा मालक कुठला, त्यावर ठरवा. ठरलं नसेल तर मेक्सिकोची ऐका. स्पॅनिश बोलणारे सर्वांत जास्त लोक तिथेच आहेत. व्याकरण एकच आहे. फरक आहेत ते असे: ‘धन्यवाद’ला स्पेनमध्ये ‘ग्राथिआस’, लॅटिन अमेरिकेत ‘ग्रासिआस’. मोबाइलला स्पेनमध्ये ‘मोबिल’, लॅटिन अमेरिकेत ‘सेलुलार’. संगणकाला ‘ओर्देनादोर’ आणि ‘कोम्पुतादोरा’. अर्जेंटिनात ‘तू’ ऐवजी ‘बोस’ म्हणतात. एक शब्द मात्र जपून: स्पेनमध्ये ‘कोखेर’ म्हणजे घेणे, बस पकडणे. मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात तो अश्लील आहे. सगळीकडे ‘तोमार’ वापरा.

कोणती परीक्षा द्यायची?

दोन चालतात. ‘देले’ ही स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने इन्स्तितुतो सेर्वांतेस ही तिथली सरकारी भाषा-संस्था घेते. तिचं प्रमाणपत्र कायमचं असतं. प्रत्येक पायरीची परीक्षा वेगळी, आणि बी2 पर्यंत वाचन-लेखन एक गट, श्रवण-संभाषण दुसरा गट, अशा दोन्ही गटांत 50 पैकी किमान 30 गुण लागतात. एका गटात 45 आणि दुसऱ्यात 28 मिळाले तर नापास. आपल्याकडची मुलं वाचण्यात पुढे आणि बोलण्यात मागे राहून इथेच अडकतात, म्हणून बोलण्याचा सराव पहिल्या आठवड्यापासून करा.

‘सिएले’ संगणकावर होते. सेर्वांतेससोबत मेक्सिकोचं राष्ट्रीय विद्यापीठ, सालामांका आणि ब्वेनोस आइरेस ही विद्यापीठं तिच्यामागे आहेत. पास-नापास नाही, 1000 पैकी गुण आणि त्यावरून पायरी. एखादाच भागही देता येतो. हिचं प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं असतं. नोकरीसाठी लगेच काही दाखवायचं असेल तर ही, कायमचा कागद हवा असेल तर देले. इन्स्तितुतो सेर्वांतेसचं भारतातलं केंद्र दिल्लीला आहे आणि भुसावळहून दिल्लीला थेट गाड्या आहेत. अर्ज करण्याआधी जवळचं परीक्षा केंद्र त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

पूर्ण पदवीच करायची असेल तर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आणि हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठात सोय आहे.

कामाच्या मेलमध्ये आणि कागदात काय सांभाळायचं?

यावर सविस्तर लिहितो, कारण क्लासमध्ये हे फारसं शिकवत नाहीत आणि नुकसान इथेच होतं.

आकडे आधी. स्पेन, कोलंबिया, अर्जेंटिना इथे हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. मेक्सिकोत आपल्यासारखंच उलट. मी नवीन असताना कोलंबियाच्या एका खरेदीदाराच्या मेलमध्ये 1.250 किलो असं लिहिलेलं होतं. मी ते सव्वा किलोचा नमुना समजलो आणि तशी पाकिटं भरायला सांगितली. त्याला साडेबाराशे किलो हवे होते. ती ऑर्डर हातची गेली. तेव्हापासून कुठल्याही आकड्यापुढे अक्षरी रक्कम किंवा अक्षरी वजन मागून घेतो, आणि विद्यार्थ्यांनाही तेच सांगतो.

मोठे आकडे असे: एक लाख म्हणजे ‘सिएन मिल’, दहा लाख म्हणजे ‘उन मियोन’, एक कोटी म्हणजे ‘दिएस मियोनेस’. ‘बियोन’ हा शब्द इंग्रजी बिलियन नाही. तो त्याच्या हजारपट आहे, एकावर बारा शून्यं. इंग्रजी बिलियनला ‘मिल मियोनेस’ म्हणायचं.

क्विंटल हा मार्केट यार्डातला आपला रोजचा शब्द तिथेही आहे, ‘किंताल’. पण इक्वादोर आणि मध्य अमेरिकेत तो 100 पौंडांचा, म्हणजे साधारण 45 ते 46 किलोंचा असतो. शंभर किलो म्हणायचं असेल तर ‘किंताल मेत्रिको’ किंवा सरळ किलोत लिहा.

नावं. तिथे माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. गार्सिया लोपेस असं लिहिलेलं असेल तर ते गार्सिया साहेब, लोपेस साहेब नव्हेत. पहिल्या मेलमध्ये ‘एस्तिमादो सेन्योर गार्सिया’ आणि पुढे स्वल्पविराम नाही, दोन टिंबं. शेवटी ‘सालुदोस कोर्दियालेस’. समोरचा ‘तू’ वर येईपर्यंत आपण ‘उस्तेद’ वरच राहायचं. आपल्याकडे पहिल्या भेटीत कुणी व्यापाऱ्याला अरे-तुरे करत नाही, तसंच.

कागदांची नावं: बीजक ‘फाक्तुरा’, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढवल्याचा कागद) ‘कोनोसिमिएन्तो दे एम्बार्के’, उत्पत्तीचा दाखला ‘सेर्तिफिकादो दे ओरिखेन’, रोग-किडीचा दाखला ‘सेर्तिफिकादो फितोसानितारिओ’. एफओबी, सीआयएफ या भावात कुठवरचा खर्च धरला ते सांगणाऱ्या अटी तशाच राहतात.

वेळेचं गणित भिंतीवर लावून ठेवा. मेक्सिको शहर आपल्या साडेअकरा तास मागे, कोलंबिया, पेरू आणि इक्वादोरची मुख्यभूमी साडेदहा तास, अर्जेंटिना साडेआठ, स्पेन हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन. मेक्सिकोच्या ऑफिसशी बोलायचं तर आपली रात्र जाते. ज्या घरात हे चालणार नाही त्यांनी स्पेनकडे बघावं. आणि मेक्सिकोचा माणूस ‘आओरिता’ म्हणाला तर ते ‘आत्ताच’ असेलच असं नाही, कधी ते आपल्या ‘करतो की’ सारखं असतं. तारीख आणि वेळ लिहून मागा.

मुलगी बी. फार्म. करते आहे. तिला उपयोग होईल का?

हो, आणि माझ्या मते खान्देशातून स्पॅनिशकडे जाण्याचा हा सगळ्यात पक्का रस्ता आहे. शिरपूर, चोपडा, फैजपूर इथून दरवर्षी फार्मसीची मुलंमुली बाहेर पडतात. मेक्सिकोची ‘कोफेप्रिस’ आणि कोलंबियाची ‘इन्व्हिमा’ या औषध नियंत्रण संस्थांपुढचे अर्ज, लेबलं, माहितीपत्रकं स्पॅनिशमध्ये असतात. औषध कंपनीच्या रेग्युलेटरी, म्हणजे सरकारी परवानग्या बघणाऱ्या विभागात ज्याला औषधही कळतं आणि कागदही वाचता येतो, असा माणूस लागतो.

शब्दांची जबाबदारी इथे मोठी असते. मुदत संपण्याच्या तारखेला मेक्सिकोत ‘कादुसिदाद’ म्हणतात, दक्षिण अमेरिकेत ‘बेन्सिमिएन्तो’. ‘कोन्स्तिपादो’ म्हणजे स्पेनमध्ये सर्दी झालेला, इंग्रजीवरून वाटतं तसा बद्धकोष्ठाचा रोगी नव्हे. 1980 मध्ये फ्लोरिडात 18 वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत दवाखान्यात आणलं. घरचे म्हणाले ‘इंतोक्सिकादो’, म्हणजे काहीतरी खाण्यातून बाधलं असावं. डॉक्टरांनी ते नशेचा अतिरेक असं घेतलं आणि त्या दिशेने उपचार केले. मेंदूतला रक्तस्राव वेळेत कळला नाही आणि तो मुलगा हातापायांनी कायमचा अधू झाला. हे मी फार्मसीच्या प्रत्येक तुकडीला पहिल्याच तासाला सांगतो.

आमची केळीची शेती आहे, रावेरकडे. आमचा काय संबंध?

आपली केळी आखाती देशांकडे जातात, स्पॅनिश देशांकडे नाही, हे खरंच. पण जगात सर्वांत जास्त केळी निर्यात करणारा देश इक्वादोर आहे, आणि त्याच्यामागे कोलंबिया, कोस्टा रिका, ग्वातेमाला. म्हणजे ज्यांच्याशी आपली स्पर्धा आहे ते स्पॅनिश बोलतात. पॅकहाउस कसं चालवायचं, फणी कशी कापायची, पनामा या बुरशीने होणाऱ्या मर रोगाची नवी जात बागेत शिरू नये म्हणून काय करायचं, यावर तिथल्या संस्थांनी शेतकऱ्यांसाठी साध्या स्पॅनिशमध्ये पुस्तिका आणि व्हिडिओ काढलेले आहेत. कोलंबियात ही जात 2019 मध्ये सापडली आणि पेरूत 2021 मध्ये. ते आज जे झेलत आहेत ते आपल्याला आधी कळलेलं बरं.

शब्दही ओळखीचे वाटतील. घड ‘रासिमो’, फणी ‘मानो’ म्हणजे हात, आणि एक केळं ‘देदो’ म्हणजे बोट. ठिबक सिंचन ‘रिएगो पोर गोतेओ’, त्यात ‘गोता’ म्हणजे थेंब. केळीला मात्र प्रत्येक देशात वेगळं नाव: स्पेन-मेक्सिकोत ‘प्लातानो’, अर्जेंटिनात ‘बानाना’, व्हेनेझुएलात ‘कांबुर’, इक्वादोरच्या बाजारात ‘गिनेओ’ आणि निर्यातीच्या कागदावर ‘बानानो’. कोलंबियात ‘प्लातानो’ म्हटलं तर भाजीची केळी येतील. मिरचीचंही तसंच, मेक्सिकोत ‘चिले’ आणि पेरूत ‘आखी’.

एवढं वाचायला बी1 पुरतं, आणि परीक्षेची गरजच नाही. घरातलं एक शिकलेलं पोर वर्षभरात हे करू शकेल.

मोबाइल भाषांतर करतो. मग शिकायचं कशाला?

वाचायला मोबाइल जरूर वापरा, मीही वापरतो. पण त्याने केलेलं भाषांतर बरोबर आहे की नाही हे सांगायला माणूस लागतो, आणि सही त्या माणसाची असते. फोनवर खरेदीदार रागावलेला आहे की घाईत आहे, हे भाषांतरात उतरत नाही.

वय 43 आहे. उशीर झाला का?

नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत नोकरी करणारे, चाळिशी ओलांडलेले लोक आहेत. पाठांतर थोडं हळू होतं, पण कामाचा संदर्भ डोक्यात असल्याने शब्द टिकतात. कॉलेजच्या मुलाला ‘फाक्तुरा’ पाठ करावा लागतो. ज्याने वीस वर्षं बिलं फाडली आहेत त्याला तो एकदा ऐकून पुरतो.

घरी शिकायला काय वापरू?

सेर्वांतेसचा ‘आवे ग्लोबाल’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम शिस्तीचा आहे. ऐकण्यासाठी बीबीसी मुंदो आणि डॉइचे वेलेच्या स्पॅनिश बातम्या फुकट आहेत. मोबाइलवरची खेळासारखी ॲप्स शब्दांसाठी ठीक, पण तेवढ्यावर कुणी बोलायला लागलेलं मी पाहिलेलं नाही. आठवड्यातून दोनदा तरी जिवंत माणसाशी बोला, मग तो तुमच्यासारखाच शिकणारा असला तरी चालेल.

आजच सुरुवात करायची आहे. पहिल्या दिवशी काय करू?

तुमच्या कामातले वीस शब्द मराठीत लिहा. वजन, भाव, माल, गाडी, तारीख, सही, जे रोज तोंडात येतं ते. त्यापुढे स्पॅनिश शब्द शोधून देवनागरीत उच्चार लिहा आणि मोठ्याने वाचा. ‘आसुकार’ लिहाल तेव्हा लक्षात ठेवा, ती आपली शर्कराच अरबांच्या हातून स्पेनला पोचलेली आहे, आणि ‘नारान्खा’ म्हणजे नारिंग. उद्या त्याच वीस शब्दांची पाच वाक्यं करा.